बेसबॉलच्या जुन्या मैदानांची लांबलचक छायाचित्रे : लायब्ररी ऑफ काँग्रेसचा संग्रह

अमेरिकेतील जुन्या बेसबॉल मैदानांची पॅनोरॅमिक (विस्तीर्ण दृश्य एकाच लांब पट्टीत टिपणारी) छायाचित्रे जमवणाऱ्याने पहिला पैसा खर्च करण्यापूर्वी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील पॅनोरॅमिक संग्रहात सुमारे ४,००० छायाचित्रे आहेत आणि ती मोठ्या आकाराच्या फाइलमध्ये विनामूल्य उतरवून घेता येतात. बेसबॉलचा त्यातला वाटा लहान असला, तरी तो नेमक्या मोलाच्या काळातला आहे. कारण फिलाडेल्फियाचे शाइब पार्क आणि पिट्सबर्गचे फोर्ब्स फील्ड १९०९ मध्ये, तर बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ मध्ये सुरू झाले, लाकडी प्रेक्षागृहांची जागा पोलाद आणि काँक्रीट घेऊ लागले, आणि या तिघांपैकी आज केवळ फेनवे उभे आहे.

शिकागोच्या वेस्ट साइड मैदानाचे १९०८ चे छायाचित्र मी सर्वांत जास्त वेळ पाहिले. त्याच वर्षी तेथे खेळणाऱ्या कब्ज संघाने वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका) जिंकली आणि पुढचे विजेतेपद थेट २०१६ मध्ये आले, हे ठाऊक असलेल्याला ती गर्दी निराळीच भासते. ते मैदान आता नाही. त्या जागी इलिनॉय विद्यापीठाचा वैद्यकीय परिसर आहे. (क्रिकेटच्या गोल मैदानाला सरावलेल्या नजरेला ही मैदाने आधी कोणीतरी कोपऱ्यात दाबल्यासारखी वाटतात.)

नवख्याला एक गोष्ट खटकेल. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा तिवईवर स्वतःभोवती फिरत असे आणि आतली फिल्म त्याच वेळी उलट दिशेने सरकत असे. त्यामुळे कॅमेऱ्याभोवती वळलेले प्रेक्षागृह कागदावर सरळ होते आणि सरळ कुंपण मात्र धनुष्यासारखे वाकते. हा स्कॅनिंगचा दोष नव्हे. निगेटिव्हच्याच आकाराची प्रत काढली जाई, म्हणून बारकावे इतके टिकले आहेत की मूळ चित्र धड असेल तेथे कुंपणावरच्या जाहिरातीही वाचता येतात.

यातील अनेक छायाचित्रे स्वामित्वहक्काच्या नोंदणीसाठी जमा झालेली आहेत. सूचीतले वर्ष पुष्कळदा त्या नोंदणीचे असते, सामन्याचे नव्हे. तारीख ठरवताना वृत्तपत्रांतल्या धावफलकाशी ताडून पाहणे इष्ट.

बाजारातल्या चौकटबंद प्रतींविषयी मात्र मी साशंक आहे. एका विक्रेत्याकडून मागवलेल्या प्रतीत चित्राची दोन्ही टोके कापलेली निघाली आणि भिंगाखाली छपाईचे ठिपके स्पष्ट दिसले. त्यापेक्षा लायब्ररीची फाइल घेऊन चांगल्या लॅबमध्ये दहा इंच उंचीची प्रत काढणे केव्हाही सरस. अस्सल जुनी प्रत गुंडाळलेल्या अवस्थेत मिळाली, तर ती घरी उलगडू नये. कागदावरचा वाळलेला छायाचित्राचा थर तडकतो, म्हणून ते काम जतनतज्ज्ञाकडेच द्यावे.