कुदळ, मीटर की प्रयोगशाळा? शेत कुठलं, ते आधी सांगा

गोव्यातल्या सत्तरीत आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळींच्या मधोमध कुदळीने वीतभर खोल चौकोनी ढेकूळ उपसलं की मातीची तब्येत कशी आहे याचं निम्मं उत्तर हातात येतं. अंगठ्याने दाबताच ते रव्याच्या लाडवासारखं सुटतं, आत पांढरी मुळं आणि गांडुळांची भोकं दिसतात, पहिल्या पावसासारखा वास येतो. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. कुळागरासाठी मी हीच पद्धत सगळ्यात वर ठेवीन.

मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या जांभ्या जमिनीवर, मात्र ती फसवते. जांभ्या मातीचं सुकं ढेकूळ पाण्यात सोडलं तरी सहसा लवकर विरघळत नाही, कारण लोहाची ऑक्साइडं कणांना घट्ट धरून ठेवतात. माती उत्तम आहे असं वाटतं; पण तेच लोह स्फुरद (फॉस्फरस) हे पिकाचं अन्नही अडकवून ठेवतं, आणि मातीची आम्लता बोटांना कळत नाही. इथे प्रयोगशाळेला पर्याय नाही. 2015 साली सुरू झालेल्या सरकारच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप), क्षारता, सेंद्रिय कर्ब धरून 12 घटक मिळतात. नमुना स्वतः उभं राहून घ्या: आठ-दहा ठिकाणी 15 सेंमी खोल खड्डे, सगळी माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो. एका वर्षी आम्ही शेणखताच्या ढिगाजवळची माती दिली, कर्ब भरपूर दिसला म्हणून खत आवरलं आणि पीक गेलं. ते दुखणं अजून आहे.

खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या भातशेतीत, कुदळ जवळजवळ निरुपयोगी. भातासाठी चिखलणी करून आपणच मातीची घडण मोडतो, खालचा कडक थर पाणी धरायला हवाच असतो. आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी गळली तर एका भरतीत खारं पाणी आत शिरतं. मग गेल्या वर्षीची पत्रिका काय सांगणार? इथे खिशातला क्षारता-मीटर घ्याच. एक भाग सुकी माती, अडीच भाग शुद्ध पाणी, ढवळून अर्धा तास ठेवायचं. भात साधारण 3 डेसीसीमेन्स प्रति मीटर (क्षारतेचं एकक) नंतर मार खाऊ लागतं, पण तो आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा आहे. पातळ द्रावणात मीटर बराच कमी दाखवतो, त्यामुळे थेट ताडून पाहू नका. मानशीजवळचा कोपरा आणि वरचा कोपरा यांची तुलना करा, आणि लावणीआधी पावसाने मीठ धुवून गेलं का ते दर आठवड्याला वहीत लिहा.