कॅनन आर६ मार्क २: एका लग्नसराईनंतर, मुख्यतः दुसऱ्या कार्डाबद्दल

माझ्या आर६ मार्क २ कॅमेऱ्यातलं एक मेमरी कार्ड एका लग्नात बंद पडलं होतं; कार्ड बनवणाऱ्या कंपनीने अखेर नवं पाठवलं. त्यासाठी महिनाभर फोन आणि ईमेल करावे लागले. 'आजीवन वॉरंटी'त फक्त कार्ड बदलून मिळतं, त्यावरचे फोटो गेले तर जबाबदारी तुमची, हे त्यांनी तेव्हा कुठे स्पष्ट सांगितलं. राग अजून गेलेला नाही.

तरी त्या लग्नातला एकही फोटो गेला नाही. मंगलाष्टकं चालू असताना पहिलं कार्ड एरर देऊन बंद पडलं. मी ते काढून खिशात टाकलं आणि दुसऱ्या कार्डावर शूट चालू ठेवलं. सकाळपासूनची प्रत्येक रॉ फाइल (फोटोची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) दोन्ही कार्डांवर उतरत होती.

माझ्याकडे कॅननचीच आर८ पण आहे, दुसरी बॉडी (म्हणजे कॅमेरा) म्हणून. दोन्हींत तोच २४.२ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम सेन्सर. अल्बममध्ये कुठला फोटो कशावरचा, हे मलाही ओळखता येत नाही. मग जादा पैसे कशाचे? घेताना मी म्हणायचो, बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनचे (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आणि फोकस पॉइंट हलवायच्या जॉयस्टिकचे. आर८ला दोन्ही नाहीत. आज विचाराल तर कार्डाच्या दोन स्लॉटचे. आर८ला स्लॉट एकच, तोही खाली बॅटरीच्या झाकणात. ट्रायपॉडची प्लेट लावली की कार्ड काढायला आधी प्लेट सोडवा! वरात पुढे सरकलेली असते.

२०१८मध्ये निकॉनने झेड६ कॅमेऱ्याला एकच स्लॉट दिला तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफरांनी केवढी ओरड केली होती. २०२०च्या पुढच्या मॉडेलमध्ये, झेड६ II मध्ये, दोन आले. ती ओरड रास्तच होती. फोटो थोडा मऊ आला तर एडिटिंगमध्ये सावरता येतो, पण सप्तपदी पुन्हा घालायला कोणाला सांगणार?

खर्च वाढतो, हे खरं. दोन्हीकडे रॉ लिहायचं तर वेग हळू कार्डाच्या हिशोबाने चालतो, त्यामुळे दोन्ही कार्डं यूएचएस-२ या जलद प्रकारचीच घ्यावी लागली. पहिले दोन महिने हा खर्च मला सलत होता. काही मित्र दुसऱ्या कार्डावर फक्त जेपीईजी ठेवतात. हॉलच्या पिवळ्या-जांभळ्या एलईडीत व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बिघडला की त्या फाइलींतून फारसं काही निघत नाही.

पैसे वाचले ते बॅटरीत. कॅननच्याच ५डी मार्क ३ या जुन्या कॅमेऱ्याच्या एलपी-ई६ बॅटऱ्या आर६ मार्क २मध्ये चालतात. आर८ला एलपी-ई१७ लागते, ती लहान आणि लवकर संपते.

आर८ विकणार मात्र नाही. बॅटरी-कार्डासकट तिचं वजन ४६१ ग्रॅम, आर६ मार्क २चं ६७० ग्रॅम. दिवसभर गळ्यात अडकवल्यावर फरक मानेला कळतो. घरच्या कार्यक्रमांना, सहलीला ती उत्तम. पैसे घेऊन विधी टिपायला तिच्यावर एकटीवर मी जाणार नाही.

नवीन घेणाऱ्यांनी एक बघा: दोन कार्डं घातली म्हणून कॅमेरा आपोआप दोन्हीवर लिहीत नाही. मेनूतल्या रेकॉर्डिंगच्या पर्यायांत जाऊन ते स्वतः निवडावं लागतं. पहिल्या ऑर्डरआधीच करून ठेवा.