सिग पी३६५ आणि नाइन एमएम की थ्री एटी?

लपवून बाळगायचं पिस्तूल म्हटलं की लोक आधी साइज बघतात, पण खरा प्रश्न आहे की ते हातात नीट बसतं का आणि तुम्ही त्याच्यावर प्रॅक्टिस कराल का. सिग कंपनीचं पी३६५ पिस्तूल २०१८ ला आलं, बॅरल ३.१ इंच, रिकामं वजन अर्धा किलोच्या आसपास, आणि एवढ्याशा बॉडीत १० राउंडची, म्हणजे १० गोळ्यांची मॅगझिन, तेव्हा ही मोठी गोष्ट होती कारण ग्लॉक ४३ या तशाच छोट्या पिस्तुलात फक्त ६ बसतात. साइट्स (नेम धरायच्या खुणा) चांगल्या, ट्रिगर स्वच्छ. ग्रिप मात्र आखूड आहे, मोठ्या पंजावाल्यांची करंगळी खाली लटकते, त्यांनी १२ राउंडवाली लांब मॅगझिन घ्या, पण मग शर्टाखाली तेवढा फुगवटा जास्त दिसतो हेही आलंच.

कॅलिबरचं, म्हणजे गोळीच्या मापाचं म्हणाल तर माझं मत सरळ नाइन एमएम. चाळीस एसअँडडब्ल्यू हे त्याहून मोठं कॅलिबर छोट्या पिस्तुलात उगाच जोरात उसळतं, दुसरा शॉट उशिरा लागतो, एफबीआयसुद्धा शेवटी नाइनवरच परत आली ना. थ्री एटी हे नाइनपेक्षा कमी ताकदीचं कॅलिबर, त्याचा धक्का कमी, म्हणजे पिस्तूल ब्लोबॅक (स्लाइड फक्त वजन आणि स्प्रिंगने रोखणारं) नसेल तर, नाहीतर तेही हाताला चांगलंच झोंबतं 😅 मनगटात ताकद कमी असेल तर थ्री एटी जरूर बघा, फक्त होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी) छोट्या बॅरलमधून नीट फुलतो आणि पुरेसा आत जातो का ते तपासा.

आणि होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणाराच घ्या, त्यात कंजुषी नको.