लाकडी घाणा की एक्सपेलर?

वर्धा जिल्ह्यातील एका महिला बचत गटाला जवस, तीळ आणि शेंगदाण्याचे तेल काढायचे आहे; यंत्र कोणते घ्यावे, यावर मात्र एकमत होत नाही. जाहिरातींतील आरोग्याचे दावे येथे बाजूला ठेवले आहेत.

घाण्यात ठरावीक वजनाचे बी टाकतात आणि त्याचे तेल व ढेप (पेंड) काढल्यावरच पुढची खेप भरतात. एक्सपेलर म्हणजे फिरत्या स्क्रूने बी दाबून तेल काढणारे यंत्र; त्यात बी सतत पडत राहते, तेल व ढेपही सतत बाहेर येत राहतात.

बी बदलायचे असेल तर घाणा सरस ठरतो. सकाळी जवस आणि दुपारी तीळ गाळायचे झाल्यास उखळ (बी टाकायचे खोलगट भांडे) व लाट (त्यात बी दाबणारा दांडा) पुसून घेतली की काम भागते (जवसाचे तेल हवेत सुकून चिकट थर धरते, म्हणून पुसण्यात दिरंगाई नको). शिवाय प्रत्येक खेपेची तारीख, वजन आणि बी कोणाचे होते हे वहीत लिहून ठेवल्यास, खवट तेल निघाले तरी तेवढाच माल वेगळा काढता येतो. एक्सपेलरच्या पिंजऱ्यात (स्क्रूभोवतीच्या फटींच्या नळकांड्यात) आधीचे बी अडकून राहते आणि नव्या बियांचे पहिले तेल भेसळीचेच येते.

तेलाच्या उताऱ्यात एक्सपेलर पुढे आहे, कारण जास्त दाबामुळे ढेपेत तेल कमी उरते. मजुरीही वाचते.

शेतकरी आपापले थोडे थोडे बी आणून स्वतःचेच तेल मागत असतील, तर घाणा घ्यावा. एकाच बियाचा हंगामभराचा साठा आणि भरवशाची वीज असेल, तर एक्सपेलर परवडेल.