सिलिकॉनची रिंग पेसरी, दीड वर्ष वापरून

पाळी गेल्यावर मला अंग बाहेर यायचा त्रास सुरू झाला, जरा जास्त वेळ उभं राहिलं की खाली गोळा उतरल्यासारखं वाटायचं. ऑपरेशन एवढ्यात नको होतं म्हणून डॉक्टरांनी रिंग पेसरी, म्हणजे अंग वर धरून ठेवणारी गोल कडी, योनीत बसवली. पहिली साईझ शौचाला जोर केला की निसटायची, दुसरी अशी बसली की आत काही आहे हे कळतही नाही. कामाच्या बाबतीत पूर्ण मार्क.

आता ज्याबद्दल कोणी नीट बोलत नाही ते. रिंग बसवल्यावर अंगावरून पांढरं थोडं जास्त जातं, त्याला घाबरू नका, आत बाहेरची वस्तू असली की होतंच. पण तिसऱ्या महिन्यात माझं स्राव पातळ, करडं झालं आणि मासळीसारखा वास यायला लागला. मी लाजेपोटी कोणाला विचारलं नाही, सुगंधी वॉश आणून आतून धूत बसले आणि त्रास अजून वाढला, हे कृपा करून कोणी करू नका!! तपासल्यावर बॅक्टेरियल व्हजायनोसिस (योनीतल्या चांगल्या-वाईट जंतूंचा तोल बिघडणं) निघालं, शिवाय रिंग घासून एका जागी कातडी सोललेली. डॉक्टरांनी समजावलं की योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्ल तयार करतात, पाळी चालू असते तेव्हा पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 असतो म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही, पण पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, आतलं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, चांगले जंतू घटतात, आणि त्यात रिंग सारखी आतच राहिली की वाईट जंतूंचं फावतं. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स झाला, जखम भरेपर्यंत रिंग बाहेर, आणि आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं (ब्रेस्ट कॅन्सर झालेल्यांनी हे स्वतःच्या मनाने लावू नका, आधी डॉक्टरांना विचारा).

आता मी दर आठवड्याला रात्री रिंग काढते, साधा साबण आणि पाण्याने धुते, सकाळी परत बसवते. एक पाय स्टुलावर ठेवायचा, बोट कडेत अडकवायचं आणि हळूच ओढायचं, चार-पाच वेळा धडपडले मग जमलं. तेव्हापासून वास नाही, खाज नाही.

रक्त दिसलं, हिरवट स्राव आला, आग झाली, ताप आला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा. सांधेदुखीमुळे ज्यांना स्वतः काढता येत नाही त्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख, बहुतेक 3 ते 6 महिन्यांची असते, चुकवूच नका, वर्षानुवर्षं विसरलेली रिंग मांसात रुतून बसते आणि लघवीच्या पिशवीपर्यंत भोक पडल्याच्याही केसेस झाल्यात.

5 पैकी 4 स्टार. एक कापला कारण पाकिटातल्या कागदावर बसवायची चित्रं भरपूर आहेत, पण काढून धुवायची सवय आणि वास बदलला तर काय करायचं यावर एक ओळ नाही.