पेरिसचा विंड टनेल: हात पुढे केला की माणूस लांब जातो

कॅलिफोर्नियातल्या पेरिस (Perris) गावात स्कायडायव्हिंगचा ड्रॉपझोन, म्हणजे विमानातून उडी मारून उतरायची जागा, आहे. तिथे विंड टनेल आहे, म्हणजे खालून वर येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर तरंगायची काचेची खोली. गेल्या शनिवारी तिथे कोचसोबत 15 मिनिटांचं सत्र घेतलं. माझ्या 31 उड्या झाल्यात, स्कायडायव्हिंगचं पहिल्या पायरीचं ए लायसन्स आहे. म्हणजे एकटीने उडी मारता येते. पण पडता पडता दुसऱ्याच्या जवळ जायचं आणि त्याचा हात धरायचा, ही वेगळी विद्या. ती शिकायला गेले होते.

हिशोब साधा आहे. साडेबारा हजार फुटांवरून उडी मारली की पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम मिनिटभर मिळतं. टनेलमधली 15 मिनिटं म्हणजे 15 उड्या, तेही विमान आणि पॅराशूट घडी करण्याच्या खटाटोपाशिवाय.

मंगळसूत्र, अंगठी लॉकरमध्ये ठेवली, जंपसूट चढवला, कानात बोळे घातले. आत शिरल्यावर बोलणं ऐकूच येत नाही, सगळं खुणांवर. दोन बोटं सरळ म्हणजे पाय ताठ कर, दोन बोटं वाकवली की पाय दुमड. कोच समोर तरंगत होता, दोन हातांच्या अंतरावर. त्याला धरायला मी हात पुढे केले आणि मागे सरकत काचेला लागले. पुन्हा तेच. हात लांबवले की पुढच्या बाजूला वारा जास्त अडतो आणि शरीर मागे जातं. त्याने खूण केली, मी हात जवळ घेतले, पाय ताठ केले आणि सावकाश पुढे सरकले. मग त्याच्या मनगटाला माझी बोटं लागली. तो क्षण मी विसरणार नाही.

तेव्हा मला जुन्या लोकांचं मोठेपण कळलं. 1958 साली चार्ली हिलार्ड आणि स्टीव्ह स्नायडर या अमेरिकन स्कायडायव्हरांनी पडता पडता एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात बॅटन, म्हणजे रिलेतल्यासारखी छोटी कांडी, दिलं. त्यांना ना टनेल, ना काचेमागून बघणारा कोच. जे काही कळायचं ते मिनिटभरात, आणि चुकलं तर पुन्हा विमानात बसायचं. 1965 मध्ये कॅलिफोर्नियातच आठ जणांनी पडता पडता हात धरून पहिला आठ जणांचा स्टार, म्हणजे गोल, केला. तो हवेत राहून कॅमेऱ्यात टिपणारे बॉब बुकर पुढच्याच वर्षी मालिबूजवळ चित्रीकरणाच्या उडीत समुद्रात बुडून गेले. त्यांच्या स्मरणार्थ स्कायडायव्हर बिल न्यूएल यांनी स्टार क्रेस्ट नावाचा सन्मान सुरू केला. आठ किंवा जास्त जणांच्या स्टारमध्ये जो असेल त्याला तो मिळतो. मला तो हवाय. पुढे जेरी बर्डसारख्या स्कायडायव्हरांनी स्टार मोठे आणि वेगवान केले, आणि 2006 मध्ये थायलंडवर 400 जणांची रचना झाली. पण माझं मन त्या आठांपाशीच घुटमळतं.

शाळेत असताना पुण्याच्या शीतल महाजन यांची उत्तर ध्रुवावरची उडी पेपरात वाचली होती, तिथून हे वेड. आईला अजून सगळं सांगितलेलं नाही.

कोचविषयी खास लिहायला हवं. दर फेरीनंतर त्याने व्हिडिओ लावून माझी हनुवटी कुठे खाली जाते ते दाखवलं, आणि पुढच्या फेरीला एकच गोष्ट सुधारायला दिली. एकावेळी एकच, त्यामुळे डोक्यात राहिलं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते, तिथे नुसतं वर-खाली करून सोडलं होतं.

बाहेर आले तर समोरच्या गवतावर खरे जंपर उतरत होते. हातांना कंप होता, खांदे दुखत होते. बुटांच्या नाड्या घट्ट बांधून जा, आणि त्याआधी पोटभर जेवू नका. पाचपैकी पाच. पुढच्या महिन्यात दोघींचं सत्र घेतलंय, यावेळी मैत्रिणीच्या मनगटाला हात लावायचाय.