पैसे भरून मिळणारी ‘वैयक्तिक भविष्यवाणी’: सेवा कशी चालते, कुठे फसवते

ॲपवर नाव नोंदवायचं, ‘अर्पण’ भरायचं आणि थोड्या दिवसांत आपल्या नावाने आलेला ‘प्रॉफेटिक वर्ड’, म्हणजे देवाकडून आल्याचा दावा असलेला संदेश, ऐकायचा, अशा ख्रिस्ती सेवांचं सध्या पेव फुटलंय. नावं निराळी, सजावट निराळी, आतली यंत्रणा मात्र बहुतेक ठिकाणी सारखीच. म्हणून हे परीक्षण एका ॲपचं नाही, या अख्ख्या प्रकाराचं आहे. मत आधीच सांगून टाकतो: पाचपैकी एक तारा, तोही रेकॉर्डिंगच्या दर्जाला.

खरी गोम नोंदणीच्या फॉर्ममध्ये आहे. वय, लग्न झालंय का, कामधंदा, घरातला आजार, आणि शेवटी मोठा रिकामा चौकोन: ‘प्रार्थनेचा विषय सविस्तर लिहा’. पुढे रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो, ‘घरातल्या एका आजारपणाचं ओझं तू वाहतेस, असं आत्मा मला दाखवतो.’ ते आपणच लिहून दिलेलं असतं, पण ऐकताना अंगावर काटा येतो आणि फॉर्म आठवत नाही. ही युक्ती जुनी आहे. 1986 मध्ये जादूगार आणि भोंदूगिरी उघडी पाडणारे जेम्स रँडी यांनी अमेरिकेतले टीव्ही-प्रचारक पीटर पॉपॉफ यांच्या आरोग्यसभांचं बिंग फोडलं. सभेआधी लोकांकडून भरून घेतलेल्या कार्डांवरचा मजकूर पॉपॉफ यांची पत्नी 39.17 मेगाहर्ट्झवरून त्यांच्या कानातल्या यंत्रात सांगत होती. तिथे निदान रेडिओ तरी लागला!

चौकोन रिकामा ठेवला तर काय होतं? खोटी माहिती भरून सापळा लावायची गरज नाही. नुसतं नाव द्या आणि बाकीचं सोडा. मग संदेश एकदम सैल होतो. ‘तू इतरांसाठी खूप केलंस, पण तुझी किंमत कुणाला कळली नाही. एक दार बंद झालं, दुसरं उघडतंय.’ मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांना ‘तुमचं व्यक्तिमत्त्व’ म्हणून वर्णन दिलं होतं. प्रत्येकाच्या हातात तोच मजकूर होता, तरी अचूकतेला पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण पडले. तेव्हा ‘हे माझ्याच बाबतीत कसं कळलं?’ असं वाटणं हा पुरावा धरू नये.

संदेश तपासायचा तर ऐकून चालत नाही, लिहून काढावा लागतो. वहीत वाक्यामागून वाक्य उतरवा, वर तारीख टाका. प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी बघा: हे फॉर्मवरून कळण्याजोगं होतं का, ओळखीतल्या कुणालाही लागू पडेल का, आणि हे खोटं ठरू शकेल अशी काही मुदत दिली आहे का. बहुतेक संदेशांत तिसऱ्या रकान्यात लिहायला काहीच उरत नाही. ‘लवकरच’, ‘या हंगामात’, ‘तुझ्या विश्वासाप्रमाणे’ यांवर वेळ निभावून नेतात. बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या 28व्या अध्यायातला हनन्या खोटा संदेष्टा होता, पण त्याने मंदिरात, याजक आणि सर्व लोकांसमोर दोन वर्षांची स्पष्ट मुदत दिली होती. तेवढा चोखपणाही इथे नाही.

समजा, एखादी गोष्ट अगदी तंतोतंत खरी ठरली, तर? या सेवा विकतात ते हेच, आणि विश्वासणारे गाफील राहतात तेही इथेच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं 18:22 सांगतं की बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं वचन नव्हे. घडलं म्हणजे ते परमेश्वराचंच, असं मात्र तिथे म्हटलेलं नाही. अनुवाद 13:1-3 मध्ये एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेलं चिन्ह खरोखर घडतं, तरी तो मनुष्य अन्य देवांकडे ओढत असेल तर त्याचं ऐकू नका, अशी आज्ञा आहे. फिलिप्पै शहरातली, अंगातल्या आत्म्याच्या बळावर भविष्य सांगणारी दासी प्रेषित पौलाविषयी बोलली ते शब्दशः खरं होतं (प्रेषितांची कृत्ये 16), तरी पौलाने तिच्यातल्या आत्म्याला हाकललं. अंदाज चुकला तर सेवा बाद, हे ठीक. पण बरोबर आला म्हणून ती पास होत नाही. पुढची कसोटी शिकवणीची: येशू ख्रिस्त देहधारी होऊन आला हे ती कबूल करते का (1 योहान 4:2-3), आणि ऐकणाऱ्याला ख्रिस्ताकडे नेते की पुढच्या रेकॉर्डिंगकडे? सहसा दुसरंच. पहिल्या संदेशात ‘घराण्यावरचा शाप’ निघतो आणि तो तोडण्याची प्रार्थना वरच्या दराच्या योजनेत असते.

पैशाबद्दल आद्य ख्रिस्ती मंडळी (चर्च) आपल्यापेक्षा कडक होती. ‘डिडाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिकेत म्हटलंय की जो प्रेषित तीन दिवस मुक्काम ठोकतो किंवा निघताना पैसे मागतो, तो खोटा संदेष्टा. गरजूंसाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नये. या मापाने यातल्या बहुतेक सेवा पैसे भरायच्या पडद्यावरच नापास होतात.

भविष्यवाणीचं दानच थोतांड आहे, असा याचा अर्थ नाही. ‘संदेशांचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा’ ही दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी आहेत (1 थेस्सलनीकाकरांस 5). पण 1 करिंथकरांस 14:29 प्रमाणे दोघा-तिघांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी पारखायचं. इथे पारखणारं कुणी नसतं, एकटा माणूस आणि कानात इअरफोन. ‘हे पाळकांना सांगू नकोस, त्यांना कळणार नाही’ असं वाक्य आलं, तर उरलेलं ऐकायची तसदी घेऊ नका. औषध बंद करायला किंवा कर्ज काढून ‘बीज’ पेरायला (म्हणजे आशीर्वादाच्या आशेने पैसे द्यायला) सांगितलं तर रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि त्याच दिवशी मंडळीच्या वडीलजनांना ऐकवा. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

नोंदणी केलेलीच असेल तर एवढं ध्यानात घ्या: ॲप काढून टाकल्याने दरमहाची वजावट थांबत नाही. आधी ॲपस्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन ती रद्द करा. थेट बँकेतून पैसे जात असतील तर ऑटो-पेची परवानगी बँकेच्या ॲपमधून काढा, मग ॲप उडवा. आणि फॉर्ममध्ये लिहिलेले प्रार्थनाविषय पुसून टाकावेत, अशी मागणी लेखी पाठवा. त्यात घरच्यांच्या आजारांची नावंही असतात.